पाटीवरचा हात

१

रोज दुपारी चार वाजले की ती प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची आणि आईचा हात धरायची. आई तेव्हा गाडीने दीड तासाच्या वाटेवर, एका शुश्रूषागृहाच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीकडे पाय करून पडलेली असायची.

यात जादू काही नव्हती. होती ती तिची अकरा वर्षांची हमाली. कागदाच्या तावाएवढी एक पाटी, तिच्यात सुईच्या जाडीचे हजारो खिळे, वर कातडीसारखं मऊ रबर. इथल्या पाटीवर हात टेकवला की तिथल्या पाटीतले तेवढेच खिळे वर येत आणि रबराखाली त्याच हाताचा उठाव तयार होई. आत तारा होत्या, त्या इथल्या हाताची ऊब मोजत आणि तिथल्या उठावाला तेवढीच ऊब देत. तिथून इकडेही तसंच. लांब राहणाऱ्या लेकीला आईचा हात धरता यावा, नातवाला आजोबांचा, म्हणून कंपनी ही पाट्यांची जोडी घरोघरी विकायला काढणार होती. पहिली पाटी गारा पडल्यासारखी वाजायची. दुसरीने तिघांची बोटं भाजली. तिसरीने हिच्या उजव्या करंगळीचं हाड मोडलं, आणि ते वाकडंच बसलं. ही सातवी. वाळूतून कुणी अनवाणी चालावं, एवढाच हिचा आवाज.

आई तीस वर्षं टायपिंगचे वर्ग घेत होती. अर्धांगाच्या झटक्याने तिची डावी बाजू गेली, वाचा गेली, नजर अंधूक झाली. उजवा हात तेवढा शाबूत राहिला. दोनशे घरांत चाचणी सुरू होत होती, प्रयोगशाळेलाही स्वतःच्या चाचणीची एक जोडी हवीच होती, तेव्हा लेकीने एक पाटी आईच्या उशाशी नेऊन बसवली. रविवारी ती स्वतः जायची. बाकीचे दिवस चार ते चार वीस.

खोटं कशाला बोला, त्या वीस मिनिटांत ती आईसाठी बसायची तितकीच डोळे मिटायला मिळतात म्हणूनही बसायची. आईचा हात रबराखालून वर यायचा, ती त्यावर आपला हात टेकायची, मान मागे टाकायची आणि गजर वाजेपर्यंत पेंगायची.

२

त्या मंगळवारी बैठक लांबली. रबराला सहा महिन्यांत चिरा पडतात, त्याचं काय करायचं यावर प्रमुख तीन तास बोलले. तिने घड्याळ पाहिलं तेव्हा साडेपाच झाले होते. जिन्यात उभं राहून तिने शुश्रूषागृहात फोन लावला. आईचं सगळं करणाऱ्या मावशींनी उचलला.

"मावशी, आज जमलं नाही हो. आई वाट बघत राहिली का?"

"वाट कसली ताई? आज तर तुम्ही तासभर हात सोडला नाहीत. मी म्हटलं, आज लेकीला सवड दिसतेय. आजी किती दिवसांनी शांत झोपल्या."

तिला आधी काय वाटलं असेल, तर हायसं वाटलं. बरं झालं, एक काम कमी झालं. लाज त्याच्या मागून आली, आणि नवल सगळ्यात शेवटी.

उरलेल्या पायऱ्या उतरेपर्यंत तिला कारण सापडलं होतं. सोमवारच्या हाताचा ठसा पाटीत अडकून राहिला असणार. खिळे अडकतात. सहाव्या पाटीत अडकायचेच.

३

यंत्राची आज्ञावली लिहिणारे गृहस्थ साठीला आले होते. आगीचा भोंगा वाजला तरी चहा संपवूनच उठत, म्हणून सगळे त्यांना बुवा म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी बुवांनी मंगळवारची नोंद छापून तिच्या टेबलावर ठेवली.

"अडकलेले खिळे हलत नसतात," ते म्हणाले. "हे बघा, दाब. कमी होतोय, वाढतोय. इथे बोटं जरा उचललीत, परत टेकवलीत. आणि हे तिकडून आलेलं नाही. आपल्या खोलीतल्या पाटीवर पडलेला दाब आहे हा."

"कुणीतरी जाऊन बसलं असेल."

"बसलं असेल. पण पुढचा रकाना बघा."

पुढचा रकाना उबेचा होता. माणसाचा हात पाटीवर आला की तो आकडा तिशीच्या वर चढायचा. इथे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बावीस होते. खोलीची हवा बावीस अंशांवर ठेवलेली असे.

"ऊब मोजणारे भाग गेले," ती म्हणाली.

"तेच असणार." बुवांनी चष्मा पुसला. "नाहीतर भूत म्हणायचं. तसं असेल तर त्याला कायम करून घ्या ताई. रजा मागणार नाही."

दोघं हसली. दुपारपर्यंत ते भाग बदलून झाले. त्या बुधवारी चार वाजता तिने हात ठेवला तेव्हा आकडा नीट तेहतीसवर गेला. झालं, प्रश्न मिटला.

त्यानंतर जे घडलं ते तिने बुवांनाही सांगितलं नाही आणि नवऱ्यालाही नाही. गुरुवारी तिला वेळ होता. चारला दहा कमी असताना ती टेबलापाशी बसलेली होती, हातात काम नव्हतं. तिच्या मनात आलं, आज नाही गेलं तर? ती उठली नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी ती चार वाजता घरी सोफ्यावर आडवी झाली आणि सात वाजेपर्यंत मेल्यासारखी झोपली. कितीतरी महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

तिन्ही दिवसांच्या नोंदी तिने नंतर काढून पाहिल्या. चारच्या ठोक्याला दाब. ऊब बावीस.

४

रविवारी आई उशीला टेकून बसली होती. केस विंचरलेले, गालांवर रंग.

"दोन्ही वेळा जेवतात आता," मावशी म्हणाल्या. "तुमचीच पुण्याई, ताई."

ती खुर्ची ओढून बसली आणि तिने आईच्या हातात हात दिला. आईने तो चाचपला. एकेक बोट, पेरं, तळवा. मग बाजारात भाजी परत ठेवतात तसा, न रागावता, तो पांघरुणावर ठेवून दिला आणि आपला हात उशाशी नेला.

"आई, मी आलेय ना इथे," ती म्हणाली. "आज पाटी कशाला?"

आई छताकडे बघत राहिली. भिंतीवरच्या घड्याळात चारला दोन मिनिटं होती. रविवारी प्रयोगशाळेला कुलूप असतं. किल्ल्या हिच्या पिशवीत होत्या.

चार वाजले. रबराखाली वाळूत पाऊल पडल्यासारखा आवाज झाला आणि हात वर आला.

तो वर येताना तिने यापूर्वी कधी पाहिला नव्हता. चार वाजता ती नेहमी पाटीच्या दुसऱ्या टोकाला असायची. आधी मनगटाजवळची उशी आली, मग तळवा, मग बोटं, झोपेतून उठणाऱ्या माणसासारखी सावकाश. आईने आपला हात त्यावर ठेवला आणि एक मोठा श्वास सोडला. करंगळी आईच्या हाताबाहेर राहिली होती. ती वरच्या पेरापासून बाहेरच्या बाजूला वाकडी होती.

तिने पटकन मांडीवर पाहिलं. तिचा हात तिथेच होता.

हे काही नवं नाही, तिने स्वतःला बजावलं. जुनी नोंद यंत्रात साठलेली असते. कुठेतरी आज्ञा चुकली आणि जुनाच हात परत परत खेळवला जातोय. पुढे होऊन तिने त्या करंगळीवर बोट टेकवलं. रबर थंडगार होतं. करंगळी आक्रसली, आणि मग जणू काही झालंच नाही अशी जागेवर आली.

जुनी नोंद आक्रसत नसते, हे तिला माहीत होतं. आणखी वीस मिनिटं ती तिथे बसून राहिली. आईला झोप लागली होती.

५

सोमवारी ती सकाळीच नोंदी घेऊन बसली. आईच्या पाटीवर हाताच्या दाबाशिवाय दुसरंच काही होतं: बारीक, सुटे ठिपके. क्षणभर टेकवून उचललेलं एक बोट, मग दुसरं.

"बोटं आपटतायत आजी," बुवा म्हणाले. "अस्वस्थ असतील."

ते गेल्यावर तिने कागदावर आपला हात ठेवला. तिच्या डोक्याआधी बोटांना कळलं. वरची ओळ, मधली, पुन्हा वरची. आईच्या वर्गात, पुठ्ठ्यावर काढलेल्या कळफलकावर, डोळ्यांना टॉवेल बांधून ती हेच शिकली होती. आई एका हाताने सबंध कळफलकावर फिरत होती आणि पाटीवर टाइप करत होती.

तिने पेन्सिल घेतली. दुपारपर्यंत सगळं लागलं. मंगळवारी, जेव्हा ती बैठकीत होती, तेव्हा आईने लिहिलं होतं: कोण. थोड्या वेळाने पुन्हा: कोण. गुरुवारी: ती दमते. शनिवारी: तू ती नव्हेस. कळतं मला. बस.

मग तिने जुन्या नोंदी काढल्या. नसत्या काढल्या तर बरं झालं असतं. पाटी बसवली त्या पहिल्या महिन्यात, रोज, चार वाजून एक-दोन मिनिटांनी आईने एकच शब्द लिहिला होता. जेवलीस. दुसऱ्या दिवशी जेवलीस. तिसऱ्या दिवशी. इकडे ही मान मागे टाकून पेंगत होती. एकवीस दिवस आईने विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं.

इकडच्या पाटीच्या नोंदीतही ठिपके होते. मंगळवारपासूनचे. आईच्या प्रत्येक शब्दानंतर थोडा वेळ जाऊन, मोजके. तेही त्याच ओळींत पडलेले दिसत होते. ते तिला वाचता आले असते. तिने तो कागद उलटा घातला, वर डबा ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा त्याला हात लावला नाही.

६

त्याच दिवशी चारला पाच कमी असताना ती मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत गेली नाही. खोलीत एक टेबल, टेबलावर पाटी, समोर चाकांची खुर्ची. खिडकी बंद. दिवा चालू. खुर्ची टेबलापासून जरा मागे सरकलेली होती, माणूस बसायला जागा राहील इतकी. सफाईवाल्या बाई सरकवतात, तिला वाटलं. मग आठवलं की त्या तर सगळ्या खुर्च्या आत सारून जातात.

चार वाजता आईचा हात वर आला. सुरकुत्या, सुजलेली पेरं, सगळं ओळखीचं. तो तसाच पडून राहिला. मग वरून दाबल्यासारखे त्याचे काही खिळे खाली गेले. एका बोटाचे. चार बोटांचे. सबंध तळव्याचे. वर काहीही नव्हतं. दिव्याचा उजेड सरळ रबरावर पडत होता, आणि रबर एका हाताच्या आकारात दबलं होतं. टोकाला वाकडी करंगळी.

"ऊठ," ती म्हणाली. तिचा आवाज तिला फार लहान वाटला. "ती माझी आई आहे. ऊठ तिथून."

दाब हलला नाही. खुर्चीचं एक चाक किंचित वाजलं.

तिने दारापासून हात लांब करून भिंतीतली पिन उपटली. दिवा पाटीच्याच तारेवर होता, तो विझला. उठाव एकदम बसला आणि आईचा हात गेला. खाली दाबलेला खळगा मात्र गेला नाही. मग दारातून येणाऱ्या उजेडात तिला दिसलं, तोही सुटला, आणि बोटांची टोकं रबरावर इकडे तिकडे टेकू लागली. हळूहळू, कडेपर्यंत, परत मधे. झोपेतून उठून शेजारचं माणूस चाचपावं तशी.

ती बघत राहिली. तिला भीती वाटत होती, पण ते चाचपणं बघताना वाटत होती ती निव्वळ भीती नव्हती.

खिशात फोन वाजला. मावशी होत्या. मागे कुणीतरी गुरासारखं ओरडत होतं. तो आईचा आवाज आहे हे समजायला तिला वेळ लागला. झटक्यानंतर तो तिने ऐकलाच नव्हता.

"ताई, अहो, काय केलंत? हात का काढून घेतलात? आजी आवरत नाहीयेत."

तिने पिन परत लावली. फोनमधलं ओरडणं थांबलं. तिने दार ओढून घेतलं आणि ती बाहेरच्या भिंतीला टेकून खाली बसली. बुवा चहा घेऊन चालले होते, ते थांबले.

"ताई, घरी जा तुम्ही," ते म्हणाले. "तोंड बघा आरशात. आईंचं मी बघतो."

"नको," ती म्हणाली. "बघायला लागत नाही."

७

तिने रजा टाकली आणि मंगळवारपासून रोज आईकडे जाऊन बसू लागली. सकाळी गरम पाण्याने अंग पुसलं, नखं कापली, घास भरवले. आईने सगळं करून घेतलं. बुधवारी आईने तिच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं नाकापाशी नेऊन हुंगली, लहानपणी ताप आला की करायची तशी. तिला वाटलं, आता झालं. आता ती पाटी कपाटात टाकायची.

"आई, मी चुकले," ती म्हणाली. "तू विचारत होतीस आणि मी झोपत होते. आता मी येत जाईन. रोज. त्याला जाऊ दे."

आई ऐकत होती. अंधूक डोळे तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला लागलेले होते.

"तुला भीती नाही वाटत त्याची?"

आईने मान हलवली. पण होय की नाही, ते उशीमुळे कळलं नाही.

चार वाजले. हात वर आला. आईने नेहमीसारखा त्याच्यावर हात ठेवला नाही. तिने लेकीचं मनगट धरलं. पकड अजून वर्गात होती तशीच होती, पोरींची चुकार बोटं धरून योग्य कळीवर नेऊन ठेवणारी. आईने लेकीचा हात उचलला आणि त्या हातावर ठेवला.

फरशीसारखं थंड. बोटाला बोट लागलं, तळव्याला तळवा, वाकड्या करंगळीला वाकडी करंगळी. ती हात ओढणार होती. आईने वरून दाबून धरला. खालचा हात हलत नव्हता. तिच्या हाताखाली तो अगदी गप्प होता, नवख्या घरात आलेल्या माणसासारखा.

मग आईने तिच्या हाताच्या पाठीवर टाइप केलं. सावकाश, एकेक कळ. प्रत्येक बोट पाठीवर लागायचं आणि तिच्या हातातून आरपार पाटीत उतरायचं.

सांभाळ.

हे लेकीला सांगितलं की खालच्याला, ते तिला विचारता आलं नाही. आईने डोळे मिटून घेतले होते.

८

शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर आई गेली. मावशी म्हणाल्या, त्रास काही झाला नाही, घोट पाणी प्यायल्या आणि मान टाकली. त्या दिवशी तिला निघायला उशीर झाला होता, ती तेव्हा वाटेतच होती.

दोन आठवड्यांनी ती कामावर रुजू झाली. दोन्ही पाट्या बुवांनी उचलून भांडारात ठेवल्या होत्या. मागच्या खोलीत आता नवं छपाईयंत्र होतं. प्रमुखांनी तिला बोलावून घेतलं, आईबद्दल बरे शब्द बोलले, मग समोर कागद सरकवले. चाचणीच्या दोनशे घरांचा अहवाल होता.

"एका घरातून तक्रार नाही," ते म्हणाले. "लोक वेळा किती पाळतात बघा. सुरुवातीला दांड्या मारणारे आता एक दिवस चुकवत नाहीत. म्हातारी माणसं खूश आहेत. फक्त ऊब मोजणारे भाग बऱ्याच ठिकाणी गेलेत."

तिने पानं उलटली. रकान्यात वेगवेगळ्या घरांचे आकडे होते: एकोणीस, चोवीस, बावीस. खोल्या जशा असतील तसे.

"तुमची सही राहिलीय," प्रमुख म्हणाले.

तिने पेन उचललं. काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, मग कोण काय विचारील आणि त्याला काय उत्तर द्यायचं, एवढा सगळा डोंगर तिला समोर दिसला. शिवाय त्या दोनशे घरांतून चार वाजता पिना उपटायच्या कुणी? तिने शेऱ्याच्या जागी लिहिलं, ऊब मोजणारे भाग सदोष, पुढील खेपेत बदलावेत, आणि सही केली.

घरी आली तेव्हा नवरा स्वयंपाकघरात नळाचं गळणं बघत होता. ती टेबलापाशी बसली. पिशवी खाली ठेवली, उजवा हात टेबलावर उताणा टाकला. नवरा नळाबद्दल काहीतरी सांगत होता, वायसर मिळत नाही, सबंध नळच बदलावा लागेल. ती हं म्हणत होती.

तळहात गार पडला. तिने खाली पाहिलं. तळव्याच्या मांसात एक खळगा पडला होता, मग शेजारी दुसरा, तिसरा, चौथा. खळग्यांतली कातडी दाबाने पांढरी झाली होती.

"हात दुखतोय का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "दमलेय."

तो पुन्हा नळाकडे वळला. पहिला खळगा भरून आला आणि परत पडला, मग तिसरा, मग पहिला. वरची ओळ, मधली, वरची. तिला ते वाचता येत होतं, आणि या वेळी उलटं घालायला कागद नव्हता.

जेवलीस.

"नाही अजून," ती हळूच म्हणाली.

"काय?" नवरा म्हणाला.

"काही नाही," ती म्हणाली आणि हात तिथेच राहू दिला.